कावेरीकाठची पौष पंचमी

मिरजेतल्या गाणं ऐकणाऱ्या घरांत अब्दुल करीम खाँसाहेबांचा विषय निघाला की 'जमुना के तीर'च्या पाठोपाठ एका वेगळ्याच तबकडीचं नाव येतं : 'राम नी समानमेवरु'. राग खरहरप्रिया, भाषा तेलुगू, रचना कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची. किराण्याहून आलेले आणि मिरजेचे झालेले खाँसाहेब दक्षिणेत वारंवार जात, तिथलं गाणं मन लावून ऐकत. त्यांची सरगम त्या ऐकण्यातूनच बहरली. 1937 साली तिकडच्याच दौऱ्यात, पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळकोविल स्टेशनवर त्यांनी देह ठेवला. कबर मात्र मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे.

माझी आत्या किराणा घराण्याची तालीम घेतलेली. ती तबकडी तिला लहानपणापासून पाठ आहे. ज्यांची ही कृती, त्या त्यागराजांच्या आराधनेला, म्हणजे पौष वद्य पंचमीच्या पुण्यतिथी-उत्सवाला, तंजावरजवळच्या तिरुवैयारूला एकदा जायचं, हे ती वर्षानुवर्षं बोलत होती. 2020 च्या कालनिर्णयवर नजर टाकताना दिसलं की पौष वद्य पंचमी आणि मकर संक्रांत एकाच दिवशी येतायत, 15 जानेवारीला. आत्या म्हणाली, "आता मागे-पुढे बघू नकोस. तिकिटं काढ."

तिळगुळाचे दोन डबे, आत्याची जपमाळ, माझी वही आणि दोन सतरंज्या एवढं घेऊन 9 तारखेच्या रात्री मिरजेहून गाडीत बसलो. 10 ला बेंगळुरूला उतरलो, संध्याकाळी मयिलाडुतुरैकडे जाणारी गाडी पकडली.

11 जानेवारी, शनिवार

पहाटे तंजावर. स्टेशनबाहेर डबरा-टंबलरमधली कॉफी, तीही इतकी कढत की आत्याला पदरात धरून प्यावी लागली. जुन्या बसस्टँडजवळ खोली घेतली, अंघोळ केली, वेण पोंगल खाल्लं आणि अकराच्या सुमारास तिरुवैयारूची बस धरली.

अंतर तेरा किलोमीटरच आहे, पण त्या तेरा किलोमीटरांत पाच नद्या लागतात. वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. गावाचं नावच पाच नद्यांवरून पडलं आहे. पावसाळा चांगला झाला होता, त्यामुळे सगळ्या पुलांखालून पाणी वाहत होतं. दोन्ही बाजूंना सांबा भात पिकून वाकलेला. कृष्णाकाठच्या माणसाला नदीचं अप्रूप वाटू नये खरं तर, पण प्रत्येक पूल आला की आम्ही दोघी खिडकीकडे वळायचो.

समाधी कावेरीच्या अगदी काठावर आहे. लहानसं देऊळ, पुढे वाळू पसरलेला भव्य मांडव. त्यागराजांचा जन्म 1767 चा, तिरुवारूरचा, पण आयुष्य गेलं ते इथे. 6 जानेवारी 1847 रोजी, पौष वद्य पंचमीला त्यांनी देह ठेवला. त्याआधी संन्यास घेतला होता म्हणून दहन न करता समाधी दिली. ही 173 वी आराधना.

दर्शन घेऊन मागे वळलं की समोरच एक स्त्री हात जोडून बसलेली दिसते. दगडी मूर्ती आहे, पण ज्या ओढीने ती समाधीकडे बघते, त्याने मी जागीच थांबले. ही बेंगळुरू नागरत्नम्मा. तिच्याविषयी मी आधी वाचलं होतं, पण त्या जागी उभं राहिल्यावर तिचं काम केवढं मोठं आहे ते कळलं.

त्यागराजांच्या मागे ही समाधी दुर्लक्षित पडली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या परंपरेतल्या शिष्यांनी तिचा जीर्णोद्धार केला, पुण्यतिथी साजरी होऊ लागली. लवकरच तिच्यात तट पडले, 'पेरिय कच्ची' आणि 'चिन्न कच्ची', म्हणजे थोरला आणि धाकटा पक्ष. दोन्ही पक्षांचं एका बाबतीत एकमत होतं : बायकांनी इथे गायचं नाही. नागरत्नम्मा देवदासी घराण्यातली, मद्रासमधली नामवंत आणि श्रीमंत गायिका. समाधीची दुरवस्था तिच्या कानावर आली, तेव्हा तिने भोवतालची जमीन मिळवली, स्वतःची कमाई आणि दागिने त्यात घातले आणि 1920 च्या दशकात हे देऊळ उभं केलं. एवढं करूनही पुरुषांच्या मांडवात तिला गायला जागा नव्हती. मग तिने समाधीच्या मागच्या बाजूला बायकांची वेगळी आराधना सुरू केली. 1940 च्या सुमारास तिन्ही पक्ष एक झाले आणि आजचा उत्सव आकाराला आला. आपली मालमत्ता तिने या समाधीसाठीच ठेवली. स्त्रियांचा गाण्याचा आणि पूजेचा हक्क कायम राहावा, ही तिची अट होती. 1952 मध्ये ती गेली. तिची समाधी त्यागराजांच्या समोरच आहे.

आत्या तिच्यापुढे बराच वेळ बसली. उठताना एवढंच म्हणाली, "आधी हिचं दर्शन घ्यायला हवं होतं गं." पुढचे सगळे दिवस आम्ही तसंच केलं. आधी नागरत्नम्मा, मग त्यागराज.

संध्याकाळी नागस्वरम आणि तविल (तिकडचा ढोल) यांच्या मंगल वादनाने उत्सव सुरू झाला. भाषणं झाली, ती तमिळमध्ये असल्यामुळे कळली नाहीत. नागस्वरम मात्र पोटात शिरलं. सनई ऐकून तयार झालेल्या कानाला त्याचा पल्ला आणि जोर पहिल्यांदा अंगावर येतो, आणि मग दुसरं काही ऐकू नये असं वाटतं.

12 जानेवारी, रविवार

सकाळी नऊपासून रात्री अकरा वाजून गेले तरी गाणं चालू. मांडवात दोन मंच शेजारी शेजारी आहेत. एकावर गाणं चालू असताना दुसऱ्यावर पुढचे लोक तंबोरा जुळवून तयार असतात. इकडचं संपलं की तिकडे लगेच सुरुवात. मध्ये निवेदन दोन ओळींचं. प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं, त्यात एखादी-दुसरी कृती, तीही त्यागराजांचीच. कोणालाही बिदागी नाही, ऐकणाऱ्याला तिकीट नाही.

शाळकरी मुलींचा गट गाऊन उतरला, त्यांच्यानंतर सत्तरीचे एक गृहस्थ आले, बहुधा कुठल्या तरी गावातले शिक्षक असावेत, आवाज थकलेला पण सूर पक्का. त्यांच्या पाठोपाठ ज्यांच्या मैफिलीला चेन्नईत महिना महिना आधी जागा धरावी लागते अशी गायिका आली. तिलाही तितकीच मिनिटं मिळाली. तिने वाळूत चपला काढल्या, समाधीच्या दिशेने नमस्कार केला, गायली आणि उतरून मागच्या रांगेत येऊन बसली. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या सभेला मोठमोठे कलाकार येतात, खाँसाहेबांच्या नावाने हजेरी लावतात, निघून जातात. ते बघत मी वाढले आहे. तोच भाव इथे शेकडो माणसांत पसरलेला बघून घशात काहीतरी दाटून आलं.

आमच्या दृष्टीने सगळ्यात नवल होतं ते श्रोत्यांचं. आपल्याकडे श्रोता मान हलवतो, दाद देतो, समेला हात टाकतो. इथे शेजारची बाई मांडीवर आख्खा ताल धरून बसलेली. टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुन्हा टाळी आणि हात उलटा. पुन्हा टाळी, हात उलटा. आठ मात्रांचा आदिताल झाला. मांडवात हजार हात असे हलत होते. आत्याने तासाभरात ते उचललं. लय तिची पक्कीच, फक्त बोटं नवी. मला मात्र कृती वेग घेऊ लागली की करंगळीच आधी येई. शेजारच्या बाईंनी न बोलता माझा हात धरला आणि दोन आवर्तनं माझ्याच मांडीवर माझ्याच हाताने करून घेतली. त्यांना हिंदी येत नव्हतं, आम्हाला तमिळ. दुपारच्या जेवणाच्या वेळी त्यांनी डब्यातला दहीभात आमच्या पानावर वाढला, आत्याने तिळगूळ दिला.

जेवण झाल्यावर मी आत्याला विचारलं, "कसं वाटतंय?"

"आपल्याकडे रागाला जागा जास्त मिळते," ती म्हणाली. "बडा ख्याल अर्धा तास एकेका सुराभोवती फिरतो. इथे रचना पुढे असते आणि राग तिच्या आत बसलेला असतो. पण बघ ना, एकच ओळ ती किती वेळा घेते, आणि दर वेळी थोडी पुढे नेते. तो विस्तारच आहे." ही संगती. मूळ ओळ साधी, मग तिच्या एकेका चढत्या पायरीवर नवं वळण. ते ऐकायला लागलं की मग 'आलाप कुठे आहे' असा प्रश्न पडत नाही.

रात्री परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली, म्हणजे आमचं भाग्यच.

13 जानेवारी, सोमवार

सकाळ तंजावरसाठी राखली होती. बृहदीश्वराच्या देवळात पुढच्या महिन्यात, 5 फेब्रुवारीला कुंभाभिषेक, म्हणजे देवळाची पुनःप्रतिष्ठा, व्हायचा होता, त्याची धांदल चालली होती. राजराज चोळाने 1010 साली पुऱ्या केलेल्या या देवळाबद्दल लिहायला वेगळा लेख लागेल. मला तिथला एकच कोपरा बघायचा होता. प्राकाराच्या नैर्ऋत्येच्या बाजूला भिंतीवर सलग मराठी कोरलेलं आहे, देवनागरीत. भोसल्यांच्या कुळाचा इतिहास. दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 साली तो कोरून घेतला. तमिळ शिलालेखांच्या शेजारी मराठी ओळ अक्षर अक्षर लावत वाचताना आमच्याभोवती चार-पाच जण जमले. आम्हाला हे कसं वाचता येतं, याचं त्यांना आश्चर्य.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी इथे राज्य स्थापलं, ते 1855 पर्यंत टिकलं. या राज्यातली प्रजा तमिळ, दरबारात तेलुगू काव्य आणि संगीत, राजांची भाषा मराठी. त्यागराज त्याच काळातले. परंपरा अशी सांगते की सरफोजींनी त्यांना दरबारात गायला बोलावलं, बरोबर मोठा नजराणा पाठवला. त्यागराजांनी तो परत केला आणि कल्याणी रागात 'निधि चाल सुखमा' ही कृती झाली : धन सुखाचं, की रामाचं सान्निध्य सुखाचं? दरबाराचा आधार न घेता ते उंछवृत्तीवर, म्हणजे गल्लीतून भजन म्हणत मिळेल त्या मूठभर तांदळावर जगले.

सरस्वती महाल ग्रंथालयात गेल्यावर ज्या राजाला त्यांनी नकार दिला, तोही समोर उभा राहतो. सरफोजी विद्येचा वेडा माणूस होता. मोडीतली कागदपत्रं, संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी पोथ्या, युरोपातून मागवलेली पुस्तकं, सगळं त्याने जमवलं. आम्ही मराठी माणसं या राजाबद्दल अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. आणि त्याच्या निमंत्रणाला नकार देणाऱ्याच्या समाधीवर आम्ही इतक्या लांबून जातो, हेही योग्यच आहे. दोन्ही गोष्टी त्या सकाळी माझ्या मनात एकत्र नांदत होत्या.

नागरत्नम्मेचाही या राजघराण्याशी एक धागा जुळतो. अठराव्या शतकात प्रतापसिंह राजांच्या दरबारात मुद्दुपळनी नावाची कवयित्री होती. तिचं 'राधिका सांत्वनम्' हे तेलुगू शृंगारकाव्य नागरत्नम्मेनेच 1910 मध्ये पुन्हा छापून आणलं. एका गणिकेचं काव्य दुसरीने छापलं म्हणून गहजब झाला, इंग्रज सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती उठली स्वातंत्र्यानंतर. समाधीपुढे हात जोडून बसलेली ही बाई किती ठिकाणी किती जणांशी लढली होती!

ग्रंथालयाच्या बाहेर आमचं मराठी ऐकून एक वयस्कर जोडपं थांबलं. तंजावरचेच, पिढ्यान् पिढ्यांचे मराठी. त्यांच्या बोलण्याला तमिळ हेल होता, काही शब्द तर माझ्या पणजीच्या तोंडी असावेत असे जुने. आम्हाला समजायला थोडा वेळ लागला, त्यांनाही आमचं बोलणं फार भरभर वाटलं. "या, घरी या," असा आग्रहच झाला. घरी डांगर पचडी, भात, सांबार. ते काका सांगत होते की तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी या आपल्या चाली अजून म्हटल्या जातात. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातले कीर्तनकार इथे येऊन राहिले, रामचंद्रबुवा मोरगावकरांसारखे. त्यांची कीर्तनं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. काकूंनी तेवढ्यात चुलीपाशी उभ्या उभ्या एक दिंडी म्हणून दाखवली. शब्द तमिळ, चाल थेट आपली. आत्याने तीच चाल उचलून रघुनाथ पंडितांच्या दमयंती-आख्यानातली दिंडी म्हटली. स्वयंपाकघरात दोघी बायका आळीपाळीने एकाच चालीत दोन भाषा गात होत्या आणि काका दाराशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. सगळ्या प्रवासात मी इतकी आनंदात दुसऱ्या कुठल्या क्षणी नव्हते.

तिरुवैयारूला पोचायला संध्याकाळ झाली. रात्री वीणा ऐकली. फणसाच्या लाकडाची तंजावरी वीणा, तिचा नाद मिरजेच्या सतारीपेक्षा जाड आणि मऊ. मिरजेत भोपळ्याच्या वाद्यांत वाढलेल्या माणसाला एकाच लाकडातून कोरलेलं वाद्य हातात घेऊन बघावंसं वाटतं. वादक उतरल्यावर त्यांनी आत्याला तारांना बोट लावू दिलं.

14 जानेवारी, मंगळवार

भोगी. पहाटे तंजावरच्या गल्ल्यांत जुनं सामान जाळल्याचा धूर. बाजारात उसाच्या मोळ्या, पानांसकट हळदीचे कंद, नवी मडकी.

आज मांडव भरत चालला होता. दुसऱ्या दिवशीची जागा धरायला लोक सतरंज्या घेऊन आले होते, काही तर रात्रीही तिथेच राहणार होते. दुपारी ऊन आणि रात्री डास, दोन्हींचा त्रास झाला. तरी आम्ही हललो नाही. गावात अशोका हलवा खाल्ला. मुगाच्या डाळीचा, तुपात न्हालेला, तिरुवैयारूची खासियत. त्यागराज राहत होते त्या तिरुमंजन गल्लीत जाऊन आलो. तिथे आता स्मारक आहे. ज्या मूर्तींपुढे बसून त्यांनी शेकडो कृती रचल्या, त्या राममूर्ती थोरल्या भावाने रागाच्या भरात कावेरीत टाकल्याची कथा तिथल्या एका आजोबांनी हातवारे करून सांगितली. भाषेविनाही ती समजली, कारण पुढे मूर्ती सापडल्यावर त्यांनी केलेला चेहरा मी विसरणार नाही.

संध्याकाळी लवकर परतलो. आत्याने झोपण्याआधी पंचरत्न कृतींचे, म्हणजे पंचमीला सगळे मिळून गातात त्या त्यागराजांच्या पाच कृतींचे शब्द वहीत पुन्हा एकदा वाचले. देवनागरीत मिरजेलाच उतरवून आणले होते.

15 जानेवारी, बुधवार

पहाटेच्या पहिल्या बसने निघालो. पोंगल असल्यामुळे दारोदारी मोठे कोलम, म्हणजे रांगोळ्या, आणि उसाचे खांब. आम्ही पोचलो तेव्हा मांडवातली वाळू दिसत नव्हती, फक्त माणसं. ज्यांनी मला हात धरून ताल शिकताना पाहिलं होतं, त्या मुलींनी सरकून जागा करून दिली.

आधी त्यागराजांच्या घरापासून उंछवृत्तीची मिरवणूक आली, भजन म्हणत, खांद्यावर तांदळाचं पात्र. मग नागस्वरम. समाधीच्या दारापासून मांडवात मधली वाट मोकळी ठेवली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना गायक-वादक समोरासमोर तोंड करून बसले होते, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया. व्हायोलिनं, बासऱ्या, वीणा, मृदंगम्, घटम्. ज्या मांडवात नागरत्नम्मेला गायला जागा नव्हती, तिथे आज शेकडो बायका कांजीवरम नेसून मांडी घालून बसल्या होत्या आणि ती समोरून बघत होती.

नऊच्या सुमारास बासऱ्यांवर 'चेतुलार' वाजली. आणि मग एका क्षणी सगळ्यांनी 'जगदानंदकारका' उचललं.

मी अनेक मोठ्या मैफिली ऐकल्या आहेत. शेकडो तयार गळे एका सुरात, एका लयीत, एकही कागद न बघता उठतात, तो अनुभव त्यातल्या कशाशीही जुळत नाही. नाट राग, शब्द संस्कृत, रामाच्या नावांची माळ. प्रत्येक चरण आधी स्वरांत, मग शब्दांत. आमच्या कानाला त्यात जोगची ओळख पटते आणि लगेच सुटते. मागे मांडवात बसलेले सगळे गात होते. लाडू विकणारा टोपली खाली ठेवून गात होता. समाधीत अभिषेक चालू होता, दुधाच्या धारा मूर्तीवरून उतरत होत्या.

दुसरी 'दुडुकुगल', गौळ राग. भैरवाच्या घरातला, पण धैवत नसलेला, आणि ऋषभ इतका खाली की आत्याने डोळे मिटून मान हलवली. त्यागराज त्यात स्वतःचे दोष एकामागून एक मोजतात : मी असा भटकलो, असा वागलो, अशा माझा उद्धार कोण करणार? मराठी मनाला तुकोबांचे अभंग आठवल्याशिवाय राहत नाहीत.

तिसरी 'साधिंचने'. आरभी राग. चढताना आमच्या दुर्गाचेच स्वर, म्हणून आत्या इथे मोकळी झाली. ही कृती कृष्णाशी प्रेमाने भांडते, आणि प्रत्येक चरणानंतर 'समयानिकि तगु माटलाडेने' ही ओळ परत येते : वेळ बघून हवं तसं बोलतो हा! पहिल्या दोन वेळा आत्या ओठांतल्या ओठांत होती. तिसऱ्या वेळेपासून खुल्या आवाजात, किराण्याच्या सूर लावण्याच्या ढंगाने, खालच्या सुरावर टेकून. समोरच्या मुलीने वळून पाहिलं आणि हसली. पुढे ती ओळ आली की ती मुलगी आत्याकडे बघूनच सुरुवात करायची. सत्तरी ओलांडलेली आत्या त्या ओळीची वाट बघत होती, तिचा चेहरा उजळून निघाला होता.

चौथी 'कनकनरुचिरा', वराळी राग. गुरूने शिष्याला वराळी समोर बसवून शिकवायची नाही, असा जुना समज आहे, त्यामुळे पाचांतली ही कमी ऐकू येते. आमच्या पद्धतीत तिच्या जवळचं काहीच नाही. मी फक्त ऐकत राहिले.

आणि शेवटची 'एंदरो महानुभावुलु'. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. राग श्री म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संध्याकाळ येते, कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, गंभीर चलन. कर्नाटक संगीतातला श्री अगदी निराळा, शुद्ध ऋषभाचा, सारंगाच्या अंगाने जाणारा, प्रसन्न. जे जे थोर होऊन गेले त्या सगळ्यांना वंदन, एवढाच या कृतीचा आशय. त्यागराज त्यात भक्तांच्या पंक्तीच उभ्या करतात. तो मांडव ती ओळ गात असताना मला खाँसाहेब आठवले, आत्याचे गुरुजी आठवले, समोर बसलेली नागरत्नम्मा दिसत होती. आत्या रडत होती आणि गात होती. मीही.

आरती झाली. लोक एकमेकांच्या पाया पडत होते, मोठे गायक म्हाताऱ्या श्रोत्यांच्या. आम्ही तिळगुळाचा दुसरा डबा उघडला. "तिळगूळ घ्या, गोड बोला" हे कोणाला कळत नव्हतं, पण पोंगलचा दिवस म्हणून सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतला. त्या मुलीच्या आजीने आत्याच्या कपाळाला कुंकू लावून हळदीचा ओला कंद पदरात घातला.

दुपारी पुन्हा दोन मंचांवर गाणं सुरू झालं ते रात्रीपर्यंत. शेवटी आंजनेयाचा उत्सव. रामाच्या कृतींचा सोहळा हनुमंतापाशी संपतो, हे फार शोभून दिसतं.

16 जानेवारी, गुरुवार

माट्टु पोंगल. शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा घातलेली गुरं रस्त्यावर. सकाळी बाजारातून एक लहानसं तंजावरी चित्र घेतलं, तंजावरच्या काका-काकूंचा निरोप घेतला आणि संध्याकाळची गाडी पकडली. आत्या बेंगळुरू येईपर्यंत मांडीवर आदिताल धरून आरभीचे चरण जुळवत बसली होती.

नंतरच्या दर आराधनेला आम्ही घरूनच हजेरी लावली आहे. पंचरत्न कृतींचं थेट प्रक्षेपण आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून होतं. गल्लीतल्या गाणं शिकणाऱ्या मुली येतात, आत्या त्यांना 'साधिंचने'चं पालुपद शिकवते.

कोणाला जायचं असेल तर पंचांगात पौष वद्य पंचमी बघून ठेवा आणि तंजावरची खोली महिनाभर आधी धरा. पंचमीला मांडवात सात वाजण्याच्या आत पोचायलाच हवं. सोबत सतरंजी, पाण्याची बाटली आणि डासांचं मलम असू द्या. आणि आरभीतलं ते एक पालुपद तरी पाठ करून जा.